‘जीटीए ६’ : तारखेपेक्षा तारखेनंतरची काळजी मोठी

४,८११ दिवस. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ (म्हणजेच ‘जीटीए ५’) हा गेम १७ सप्टेंबर २०१३ रोजी बाजारात आला आणि पुढच्या भागासाठी रॉकस्टार गेम्सनं १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे. या दोन तारखांमध्ये ४,८११ दिवस आहेत, म्हणजे १३ वर्षं आणि २ महिने. पाचवा भाग आला तेव्हा पहिलीत बसणारी मुलं आज कॉलेजात आहेत. युरोपात ‘१८ वर्षांवरील खेळाडूंसाठी’ असा शिक्का असलेला तो गेम उघडपणे खेळण्याचं वयही त्यांनी गाठलं, पण सहावा भाग त्यांच्या हाती अजून आलेला नाही.

ही तारीखसुद्धा पहिली नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा कंपनीनं नुसतं ‘२०२५’ एवढंच सांगितलं होतं. मे २०२४ मध्ये ‘२०२५ चा शरद ऋतू’ ठरला. २ मे २०२५ रोजी तो २६ मे २०२६ वर गेला आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यात आणखी १७७ दिवसांची भर पडली. दर वेळी चाहत्यांनी एकच विचारलं : आता तरी नक्की येणार ना?

हा प्रश्न कुणालाही पडेल. पण या मालिकेचे पंचवीस वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले, की काळजीचं खरं ठिकाण वेगळंच असल्याचं दिसतं. उशिरामुळे चाहत्यांचं आजवर फारसं काही बिघडलेलं नाही. त्यांच्या हातून जे गेलं ते गेम आल्यानंतर गेलं, कंपनीच्या कमाईची वाट बदलली तेव्हा.

वाट पाहणं कसं लांबत गेलं

आधी मुख्य भागांमधली अंतरं पाहू :

- ‘जीटीए ३’ (ऑक्टोबर २००१) ते ‘व्हाइस सिटी’ (ऑक्टोबर २००२) : १ वर्ष
- ‘व्हाइस सिटी’ ते ‘सॅन अँड्रियास’ (ऑक्टोबर २००४) : २ वर्षं
- ‘सॅन अँड्रियास’ ते ‘जीटीए ४’ (एप्रिल २००८) : साडेतीन वर्षं
- ‘जीटीए ४’ ते ‘जीटीए ५’ (सप्टेंबर २०१३) : सुमारे ५ वर्षं ५ महिने
- ‘जीटीए ५’ ते ‘जीटीए ६’ (नोव्हेंबर २०२६, जाहीर तारीख) : १३ वर्षं २ महिने

२००१ ते २०१३ या बारा वर्षांत या मालिकेचे पाच मोठे भाग आले. त्यानंतरच्या तेरा वर्षांत एकच येतो आहे.

यातलं काही अंतर कामाच्या आवाक्यामुळे वाढलं. ‘व्हाइस सिटी’तल्या बहुतेक इमारतींना नुसत्या भिंती होत्या, आत जाता येत नव्हतं. रस्त्यावरची माणसं मोजकीच होती आणि त्यांच्या तोंडी चार-दोन वाक्यं असायची. आता गर्दीतल्या प्रत्येकाचे कपडे, चाल, बोलणं वेगळं लागतं. पाणी, ऊन, केस, घाम हे सगळं खरं दिसावं लागतं. शिवाय मधल्या काळात कंपनी रिकामी बसली नव्हती. जगभरचे तिचे स्टुडिओ एकत्र कामाला लावून तिनं ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्पशन २’ आणला. पहिल्या तीन दिवसांत त्यानं ७२.५ कोटी डॉलरचा धंदा केला आणि खुल्या जगाचा गेम किती तपशिलात रंगवता येतो याचं मापच बदलून टाकलं.

तरीही तेरा वर्षांचा हिशेब यानं पुरा होत नाही. उरलेलं उत्तर पाचव्या भागाच्या विक्रीत आहे.

दुसरे दहा कोटी

‘जीटीए ५’नं बाजारात आल्यावर तीन दिवसांत १ अब्ज डॉलरचा पल्ला गाठला. २०१८ च्या अखेरीस त्याच्या प्रती १० कोटींच्या घरात पोहोचल्या. मे २०२४ मध्ये टेक-टू या रॉकस्टारच्या पालक कंपनीनं २० कोटींचा आकडा जाहीर केला आणि २०२५ मध्ये तो २१ कोटींच्याही पुढे गेला.

यात थांबून पाहावा असा आकडा पहिल्या दहा कोटींचा नाही, दुसऱ्या दहा कोटींचा आहे. पाच वर्षं जुन्या झालेल्या गेमनं पुढच्या साडेपाच वर्षांत आणखी तेवढ्याच प्रती विकल्या. एरवी कथेवर चालणाऱ्या मोठ्या गेमची बरीचशी विक्री सुरुवातीच्या काही महिन्यांत उरकते. हा गेम मात्र चार वेळा नव्यानं बाजारात उतरला : २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, २०१४ मध्ये त्यांच्या पुढच्या पिढीवर, एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर आणि मार्च २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ च्या पिढीवर. कन्सोलच्या तीन पिढ्या एकाच गेमनं पाहिल्या. मे २०२० मध्ये, आपल्याकडे टाळेबंदी चालू असताना, एपिक गेम्सच्या ऑनलाइन दुकानात तो आठवडाभर फुकट मिळत होता. पहिल्याच दिवशी झुंबड इतकी उडाली, की ते दुकान काही तास कोलमडलं.

याच्या मुळाशी आहे ‘जीटीए ऑनलाइन’. मुख्य गेमनंतर दोनच आठवड्यांनी, १ ऑक्टोबर २०१३ रोजी, तो सुरू झाला. त्यात खेळाडू गाड्या, घरं, विमानं, धंदे घेतात. त्यासाठी खेळातले पैसे लागतात. ते तासन्‌तास खेळून मिळवायचे किंवा ‘शार्क कार्ड’ घेऊन खऱ्या पैशांत विकत घ्यायचे. मार्च २०२२ पासून त्यात ‘जीटीए प्लस’ या मासिक वर्गणीची भर पडली.

टेक-टूच्या वार्षिक हिशेबात हा बदल स्पष्ट दिसतो. मार्च २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीची निव्वळ नोंदणी (‘नेट बुकिंग्ज’, म्हणजे वर्षभरातली विक्री) ५.६५ अब्ज डॉलर होती. त्यातला सुमारे ८० टक्के वाटा गेम विकून झाल्यावर खेळाडूंनी आतमध्ये पुन्हा-पुन्हा केलेल्या खर्चाचा होता. हा सगळा पैसा ‘जीटीए’चा नाही, हे लक्षात ठेवायला हवं. २०२२ मध्ये १२.७ अब्ज डॉलर मोजून घेतलेल्या झिंगा कंपनीच्या मोबाइल गेमचं उत्पन्न त्यात मोठं आहे. पण कंपनीचं लक्ष कुठे असणार, हे कळायला एवढा आकडा पुरेसा आहे. जुना गेम रोज कमावत असेल, तर नवा आणण्याची घाई कंपनीला राहत नाही.

दोन, एक, शून्य, शून्य

चाहत्यांनी सगळ्यात जास्त लक्षात ठेवावेत असे आकडे हे आहेत. ‘जीटीए ४’ आल्यावर २००९ मध्ये त्याच्या कथेला दोन मोठे विस्तार मिळाले : ‘द लॉस्ट अँड डॅम्ड’ आणि ‘द बॅलड ऑफ गे टोनी’. नवे नायक, नवी मिशन्स, त्याच शहराकडे पाहण्याची नवी नजर. २०१० मध्ये पहिल्या ‘रेड डेड रिडेम्पशन’ला ‘अनडेड नाइटमेअर’ हा एक विस्तार मिळाला.

‘जीटीए ५’च्या कथेला मिळालेले विस्तार : शून्य. मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर या त्याच्या तीन नायकांची गोष्ट २०१४ मध्ये पुढे नेण्याचा बेत कंपनीनं स्वतःच सांगितला होता. तो कधीच प्रत्यक्षात आला नाही. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, त्याच्याही कथेचे विस्तार शून्य. याच काळात ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये वर्षातून अनेकदा नवी भर पडत राहिली. गाड्या आल्या, दरोडे आले, नाइट क्लब आले, पाणबुडीही आली.

एकट्यानं बसून, कथेत बुडून खेळणाऱ्या माणसासाठी २०१३ नंतर ‘जीटीए ५’च्या शहरात नवं काही घडलंच नाही. ‘जीटीए’चा मोठा चाहतावर्ग असाच आहे. मिशन संपल्यावरही रेडिओ लावून संध्याकाळच्या उजेडात उगाच गाडी फिरवत राहण्यात त्याला आनंद मिळतो. सहाव्या भागाबद्दलची त्याची भीती साधी आहे : कथा उत्तम असेल, पण ती संपल्यावर दार बंद होईल आणि पुढे फक्त दुकान उघडं राहील. आकडे पाहता ही भीती साधार आहे.

उशिराचा हिशेब

आता उशिराकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त रोष त्यावरच निघतो. ‘जीटीए ४’ १६ ऑक्टोबर २००७ रोजी यायचा होता. १९६ दिवस उशिरा, २९ एप्रिल २००८ रोजी आला. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याचे सरासरी गुण शंभरपैकी ९८. ‘जीटीए ५’ २०१३ च्या वसंतातून सप्टेंबरवर गेला, गुण ९७. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ २०१७ च्या शरदातून आधी २०१८ च्या वसंतात आणि मग २६ ऑक्टोबर २०१८ वर गेला, म्हणजे जवळपास वर्षभर लांबला, गुण ९७. सहाव्या भागाचा आतापर्यंतचा उशीरही साधारण वर्षभराचाच आहे. या कंपनीच्या इतिहासात तो नवा नाही.

उशीर झाला की गेम चांगलाच निघतो, असा नियम मात्र नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’ तीन वेळा पुढे ढकलला गेला. १६ एप्रिल, १७ सप्टेंबर, १९ नोव्हेंबर असं करत अखेर तो १० डिसेंबर २०२० रोजी आला. डिसेंबर संपेपर्यंत त्याच्या १.३७ कोटी प्रती खपल्या. पण जुन्या कन्सोलवर तो धड चालेना. प्लेस्टेशन ४ वरच्या आवृत्तीचे मेटाक्रिटिक गुण ५७ वर राहिले. १८ डिसेंबरला सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि २१ जून २०२१ रोजीच परत ठेवला. गेम खऱ्या अर्थानं सावरायला सप्टेंबर २०२३ उजाडला. खपाचा आकडा आणि गेमची तब्येत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या डिसेंबरात लाखो खेळाडूंना पदरचे पैसे घालून कळलं.

‘जीटीए ६’ला तोच धोका कितपत आहे? एक मोठा फरक त्याच्या बाजूनं आहे. ‘सायबरपंक’ २०१३ साली आलेल्या कन्सोलवरही चालवायचा होता आणि तिथेच तो अडकला. ‘जीटीए ६’ फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स व एस यांच्यासाठी जाहीर झाला आहे. मे २०२५ चा दुसरा ट्रेलर साध्या प्लेस्टेशन ५ वरच टिपलेला आहे आणि त्यात निम्मा भाग प्रत्यक्ष खेळाचा, निम्मा कथादृश्यांचा आहे, असं कंपनीनं सांगितलं आहे. ही आश्वस्त करणारी गोष्ट आहे.

काळजीचं कारण रॉकस्टारच्या घरातलंच आहे. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ या तिन्हींची नवी सजवलेली आवृत्ती आली आणि ती बगनी भरलेली निघाली. चेहरे विचित्र, पाऊस डोळ्यांत खुपणारा, दुकानांच्या पाट्यांवर चुकीचे शब्द. काम ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या छोट्या स्टुडिओकडे दिलेलं होतं, पण वर शिक्का रॉकस्टारचा होता. कंपनीला माफी मागावी लागली. हे नाव आहे म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही सवय तिथे मोडली, आणि ती मोडली हे बरंच झालं.

आशेचं मोजमाप

एवढं सगळं माहीत असूनही आशा ओसरलेली नाही. पहिला ट्रेलर ५ डिसेंबर २०२३ रोजी यायचा होता. आदल्या दिवशीच तो फुटला, म्हणून कंपनीनं घाईनं अधिकृतपणे टाकला. यूट्यूबवर २४ तासांत तो ९ कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला, गेमच्या ट्रेलरसाठी हा विक्रम ठरला. दुसरा ट्रेलर यायला ५१९ दिवस लागले. ६ मे २०२५ रोजी तो आला आणि सगळ्या माध्यमांवर मिळून २४ तासांत ४७.५ कोटी वेळा पाहिला गेल्याचं कंपनीनं सांगितलं. त्यात वाजलेलं पॉइंटर सिस्टर्सचं १९८६ मधलं गाणं स्पॉटिफायवर ऐकलं जाण्याचं प्रमाण १,८२,००० टक्क्यांनी वाढलं.

या आकड्यांमागे दोन आशा आहेत. पहिली शहराची. कथा लिओनिडा या काल्पनिक राज्यात घडते, त्याचा नमुना अमेरिकेतला फ्लोरिडा, आणि मध्यभागी आहे मायामीवर बेतलेलं व्हाइस सिटी. महाराष्ट्रात तिशी-पस्तिशीतल्या अनेकांना हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्या-नाशकापासून तालुक्याच्या गावापर्यंत सायबर कॅफेतल्या पीसीवर, मित्राकडून आणलेल्या सीडीवर ‘व्हाइस सिटी’ हाच गेम चालायचा. इंग्रजी संवाद निम्मे कळायचे, मिशन अर्धवट राहायची, पण चीट कोड सगळ्यांना पाठ असायचे. त्या पिढीनं पाहिलेलं पहिलं खुलं शहर हे होतं. त्याच शहराला आता दलदल, बेटं, डोंगर आणि गजबजलेला किनारा मिळतो आहे.

दुसरी आशा माणसांची. जेसन ड्युव्हाल आणि लुसिया कॅमिनोस ही जोडी कथेच्या केंद्रस्थानी आहे. ‘जीटीए ३’नंतरच्या मुख्य भागांत स्त्री नायिका पहिल्यांदाच येते आहे. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघंही अडकलेले आहेत. ‘रेड डेड रिडेम्पशन २’चा नायक आर्थर मॉर्गन याच्यासाठी डोळे पुसलेल्या खेळाडूंना इथेही तशीच खोली हवी आहे. मात्र त्या कथेमागचे एक प्रमुख लेखक डॅन हाउझर मार्च २०२० मध्ये कंपनीतून बाहेर पडले. त्यामुळे लेखनाविषयीची धाकधूक बिनबुडाची नाही.

आपल्या खिशाचा प्रश्न

२०१३ मध्ये ‘जीटीए ५’ ६० डॉलरला मिळत होता. अमेरिकेतली महागाई धरली तर ते २०२५ मधले सुमारे ८३ डॉलर होतात. २०२० पासून मोठ्या गेमची किंमत ७० डॉलरवर गेली. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोनं ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरला आणला. मायक्रोसॉफ्टनं ‘द आउटर वर्ल्ड्स २’साठी ८० डॉलर जाहीर केले आणि जुलैत ते परत ७० वर आणले. खेळाडू ओरडले तर किंमत हलते, याचा हा ताजा पुरावा आहे.

आपल्याकडे मूळ अडथळा गेमच्या किमतीआधीच येतो. २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा डिस्क असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ५४,९९० झाली. त्या पिढीचे मोठे गेम ४,९९९ रुपयांपासून मिळू लागले. या हिशेबानं यंत्र आणि एक गेम यांचाच खर्च साठ हजारांच्या घरात जातो. म्हणून पीसीवर वाढलेल्या आपल्या खेळाडूंचा खरा प्रश्न १९ नोव्हेंबरचा नाही, त्यानंतर किती महिने थांबायचं हा आहे. ‘जीटीए ३’पासून ‘जीटीए ४’पर्यंत प्रत्येक भाग कन्सोलनंतर साधारण सात महिन्यांत पीसीवर आला. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ला एक वर्ष लागलं, ‘जीटीए ५’ला १९ महिने. ‘जीटीए ६’ची पीसी आवृत्ती जाहीर झालेली नाही. ती याच चालीनं आली, तर २०२७ च्या अखेरीपासून २०२८ च्या मध्यापर्यंतचा काळ मनात धरावा लागेल.

बनवणाऱ्यांचे तास

या गेमशी भारताचा आणखी एक धागा आहे. रॉकस्टारचा एक स्टुडिओ बंगळुरूत आहे. १९९७ मध्ये सुरू झालेली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही आपल्याकडची जुनी गेम कंपनी २०१९ मध्ये ७९ लाख डॉलरला विकत घेऊन रॉकस्टारनं या स्टुडिओत सामील केली. म्हणजे हे जग उभारणाऱ्यांत आपल्याकडचेही हात आहेत.

२०१८ मध्ये ‘रेड डेड रिडेम्पशन २’च्या वेळी डॅन हाउझर यांनी आठवड्याला शंभर तास काम केल्याचं सांगितलं आणि गदारोळ झाला. तो आकडा आपल्यासह चार ज्येष्ठ लेखकांपुरता होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला. पण त्यातून कामाच्या अतिताणावर उघड चर्चा सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून अधिक कर्मचाऱ्यांना कंपनीनं काढून टाकलं. गोपनीय माहिती बाहेर गेली, असं कंपनी म्हणते. कामगार संघटना मोडण्यासाठी हे केलं, असा संघटनेचा आरोप आहे. खरं काय ते ठरायचं तिथे ठरेल. पण तारीख पुढे गेली म्हणून शिवीगाळ करणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं, की न हललेल्या तारखेची किंमतही कुणीतरी रात्री जागून चुकवत असतं. शंभर तासांच्या आठवड्यांपेक्षा १७७ दिवसांची वाट मला शंभर वेळा मान्य आहे.

मागायचं ते काय

या आकड्यांवरून चाहत्यांनी तीन गोष्टी कराव्यात, असं मला मनापासून वाटतं. पहिली : आगाऊ पैसे भरू नयेत. डिजिटल प्रती कधी संपत नाहीत. परीक्षणं येईपर्यंत दोन दिवस थांबल्यानं काहीच हातचं जात नाही. दुसरी : ऑनलाइन भाग सुरू झाला की त्यातल्या पैशांचे दर पाहावेत, एक चांगली गाडी खेळून मिळवायला किती तास लागतात आणि विकत घ्यायला किती रुपये, हे मोजून एकमेकांना सांगावं. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : तारखेसाठी जेवढा आवाज उठवला, तेवढाच कथेच्या विस्तारासाठी उठवावा.

१९ नोव्हेंबर पाळला गेला की नाही, हे एका दिवसात कळेल. गेम कसा आहे, हे आठवड्यात कळेल. रॉकस्टारनं आपल्या एकट्या बसून खेळणाऱ्या खेळाडूंचं काय केलं, हे कळायला मात्र त्यानंतरची दोन वर्षं लागतील, कारण ‘जीटीए ४’नंतर याच कंपनीनं दीड वर्षात कथेला दोन नवे भाग दिले होते. तेव्हा तिच्याकडे आजच्यापेक्षा कितीतरी कमी पैसे होते. आज तिला न परवडण्यासारखं काही नाही. म्हणून जेसन आणि लुसियाची गोष्ट पुढे नेण्याची मागणी हक्कानं करावी, आणि ती १९ नोव्हेंबरच्या आधीपासूनच करावी.